प्रायमरी कोण, हे क्लस्टरलाच विचारा

डेटाबेसची मुख्य प्रत, जिथे सगळं लिहिलं जातं, ती प्रायमरी; तिच्यामागून चालणारी दुसरी प्रत ती रेप्लिका; आणि सगळ्या मिळून क्लस्टर. मागे पडलेली रेप्लिका नव्याने उभी करणं हे डेटाबेस सांभाळणाऱ्यांचं नेहमीचं काम. रेप्लिकेवरची जुनी डेटा डिरेक्टरी उडवायची, प्रायमरीवरून ताजी प्रत ओढायची, रेप्लिकेशन पुन्हा जोडून द्यायचं. ३१ जानेवारी २०१७ च्या रात्री गिटलॅब डॉट कॉम या कोड साठवण्याच्या साइटवर हेच चाललं होतं. डिरेक्टरी उडवली गेली ती मात्र प्रायमरीवरची. एक-दोन सेकंदांत चूक लक्षात आली आणि कमांड थांबवली गेली, पण तोवर सुमारे ३०० जीबी डेटा गेला होता. मागे उरले साडेचार जीबी.

गिटलॅबने त्या रात्रीचा सगळा वृत्तान्त स्वतःहून जाहीर केला. डेटा परत मिळवण्याची धडपड तर यूट्यूबवर थेट दाखवली. तेव्हापासून बॅकअपवर बोलायला उभा राहणारा जवळपास प्रत्येक जण हे उदाहरण देतो. त्यात चूक काहीच नाही. मला मात्र डिरेक्टरी उडण्याच्या आधीचा अर्धा तास जास्त बोलका वाटतो. रेप्लिकेशनचा क्लस्टर हाताने उभारणं म्हणजे नक्की काय, आणि ते काम ऑटोमेट करताना त्यातलं काय यंत्राच्या हाती द्यायचं, याचं उत्तर तिथे आहे.

मांडणी काय होती

गिटलॅब डॉट कॉम तेव्हा मायक्रोसॉफ्टच्या अझूर क्लाउडवर होतं. डेटाबेस पोस्टग्रेस ९.६, एक प्रायमरी आणि एक सेकंडरी, म्हणजे रेप्लिका. दोघांची नावं जवळपास सारखी, फक्त एकात १ आणि दुसऱ्यात २. सगळा भार प्रायमरीवर. सेकंडरी फक्त वेळ आलीच तर म्हणून. हा भार दोघांत वाटावा म्हणून एक इंजिनिअर स्टेजिंगवर, म्हणजे चाचणीच्या सर्व्हरवर, पीजीपूल हे भार वाटणारं साधन आजमावत होता. स्टेजिंगला ताजा डेटा हवा म्हणून त्याने संध्याकाळी यूटीसी १७:२० च्या सुमारास प्रॉडक्शन (प्रत्यक्ष वापरातल्या) डेटाबेसचा एलव्हीएम स्नॅपशॉट, म्हणजे डिस्कची त्या क्षणाची प्रत, हाताने घेतला. रोजच्या वेळापत्रकात तो नव्हता.

१९:०० च्या आसपास डेटाबेसवरचा भार वाढला. सुरुवातीला सगळ्यांना स्पॅमचा संशय आला. नंतर कळलं की एका ट्रोलने गिटलॅबच्याच एका कर्मचाऱ्याच्या खात्याविरुद्ध गैरवापराची तक्रार केली होती आणि ते खातं सगळ्या डेटासकट पुसण्याचं काम मागे चालू झालं होतं. २३:०० च्या सुमारास, म्हणजे आपल्याकडे पहाटे साडेचारला, सेकंडरी मागे पडत पडत पूर्णच तुटली.

का तुटली, हे नीट पाहायला हवं. पोस्टग्रेस प्रत्येक बदल आधी वॉल नावाच्या नोंदवहीत लिहितं आणि रेप्लिका तीच वही वाचत पुढे सरकते. प्रायमरी जुनी पानं कायम ठेवत नाही, ठरावीक मर्यादेनंतर ती काढून टाकते. सेकंडरीला हवी असलेली पानं प्रायमरीने काढून टाकली होती. पानं बाहेर कुठे अर्काइव्ह होत असती तर तिथून उचलता आली असती, पण वॉल अर्काइव्हिंग सुरू नव्हतं. रेप्लिकेशन स्लॉट ही सोय पोस्टग्रेसमध्ये ९.४ पासून आहे. रेप्लिकेने वाचेपर्यंत प्रायमरी पानं राखून ठेवते. पण स्लॉटचं दुखणं उलट्या बाजूचं: मेलेल्या रेप्लिकेची वाट पाहत प्रायमरीचीच डिस्क भरते. त्याला वरची मर्यादा घालण्याची सेटिंग १३ व्या आवृत्तीत आली. थोडक्यात, क्लस्टर उभारताना 'रेप्लिका किती वेळ गैरहजर राहू शकते?' हा प्रश्न विचारलाच नाही, तरी त्याचं उत्तर डिफॉल्ट सेटिंग देऊन मोकळी होते.

गप्प बसलेला बेसबॅकअप

सेकंडरी नव्याने भरणं भाग होतं. त्यासाठीची कमांड पीजी बेसबॅकअप. ती रिकामीच डिरेक्टरी मागते, म्हणून सेकंडरीवरची डिरेक्टरी आधी साफ केली गेली. ही पहिली साफसफाई योग्य मशीनवरच झाली होती. कमांड दिली, आणि ती अडकली. व्हर्बोज पर्याय लावूनही पडद्यावर काही येईना.

पुन्हा पुन्हा चालवल्यावर तक्रार आली की प्रायमरीकडे रेप्लिकेशनच्या पुरेशा जोडण्या नाहीत. मॅक्स वॉल सेंडर्स ही सेटिंग ३ होती, ती ३२ केली. ती लागू व्हायला प्रायमरी रीस्टार्ट करावी लागते. रीस्टार्ट केली तर पोस्टग्रेस उठेना: सेमाफोर (प्रक्रियांमध्ये ताळमेळ ठेवणारी सिस्टिमची साधनं) फार होतात म्हणालं. शोधल्यावर मॅक्स कनेक्शन्स, म्हणजे एकूण जोडण्यांची मर्यादा, ८००० असल्याचं दिसलं. जवळपास वर्षभर हा आकडा तसाच होता, आणि तोवर कोणाला खटकायचं कारण पडलं नव्हतं. तो २००० वर आणला, पोस्टग्रेस उठलं. बेसबॅकअप पुन्हा चालवला. पुन्हा तीच शांतता.

इथे थोडं थांबू. रात्रीच्या वेळी, प्रॉडक्शनच्या प्रायमरीवर, दोन सेटिंग बदलून रीस्टार्ट झालेला आहे आणि अजून मूळ कामाला हातही लागलेला नाही. ज्यांनी हाताने रेप्लिका उभ्या केल्या आहेत त्यांना ही साखळी ओळखीची वाटेल. एक पायरी अडते, ती सोडवायला दुसऱ्या मशीनवर जावं लागतं, तिथे तिसरंच काही निघतं. टर्मिनलच्या दोन खिडक्या उघड्या असतात. आपण कुठल्या खिडकीत आहोत याची खूण म्हणजे प्रॉम्प्टमधला एक आकडा.

आणि बेसबॅकअप खरं तर अडकलेलाच नव्हता. ही कमांड आधी प्रायमरीला चेकपॉइंट करायला, म्हणजे मेमरीतले बदल डिस्कवर उतरवायला, लावते. डिफॉल्टनुसार तो चेकपॉइंट सावकाश, भार पसरवत होतो. तो पुरा होऊन प्रायमरी डेटा पाठवायला लागेपर्यंत कमांड मुकाट वाट पाहते. चेकपॉइंट लगेच करायला सांगणारा पर्याय त्याच कमांडला आहे. हे गप्प बसणं नेहमीचंच आहे, असं टीममधल्या दुसऱ्या एका इंजिनिअरने सांगितलं, पण सगळं होऊन गेल्यावर. टीमच्या रनबुकमध्ये, म्हणजे कामाच्या सूचनावहीत, हे स्पष्ट लिहिलेलं नव्हतं.

त्या क्षणी समोरच्या माणसाने लावलेला अंदाज तसा रास्त होता: आधीच्या अर्धवट प्रयत्नांनी डिरेक्टरीत काही फायली तयार झाल्या असतील, त्या आड येत असतील, तर डिरेक्टरी पुन्हा साफ करून पाहू. ती साफसफाई १ नंबरच्या मशीनवर झाली.

बॅकअपचं थोडक्यात

पुढचं बहुतेकांना माहीत आहे, म्हणून भरभर सांगतो. ॲमेझॉनच्या एस-थ्री या साठ्यात रोज जाणाऱ्या पीजी डंपची, म्हणजे डेटाबेसच्या बॅकअप फाइलची, बकेट (साठवणीची जागा) रिकामी निघाली. डंप ज्या सर्व्हरवर चालायचा तिथे डेटा डिरेक्टरीच नव्हती. त्यामुळे पोस्टग्रेसची कुठली आवृत्ती वापरायची हे इन्स्टॉल पॅकेजला कळत नव्हतं, आणि ते ९.२ ची कमांड उचलायचं. ९.६ च्या डेटाबेसपुढे ती चुका देऊन थांबायची. ठरल्या वेळी कामं चालवणारा क्रॉन त्याची मेलही पाठवायचा, पण त्या मेलवर सही नसल्याने मेल सर्व्हर त्या नाकारायचा. अझूरचे डिस्क स्नॅपशॉट फाइल सर्व्हरना लावलेले होते, डेटाबेसला नव्हते. उरला तो संध्याकाळी हाताने घेतलेला स्नॅपशॉट. तो स्टेजिंगच्या संथ डिस्कांवरून परत आणायला सुमारे १८ तास लागले. साइट १ फेब्रुवारीला यूटीसी १८:०० च्या सुमारास उठली. मधल्या सुमारे सहा तासांतले निदान ५००० प्रोजेक्ट, तितक्याच कॉमेंट आणि अंदाजे ७०० नवी खाती गेली. गिटच्या रिपॉझिटरी वेगळ्या साठ्यात असल्याने त्यांना धक्का लागला नाही.

घटनेनंतर ठरलेल्या दुरुस्त्यांमध्ये प्रत्येक मशीनचा प्रॉम्प्ट स्पष्ट वेगळा दिसेल असा करणं ही एक होती. करावंच, फुकटचं काम आहे. पण लाल प्रॉम्प्टवर फार भिस्त ठेवू नये. फेलओव्हर झाला, म्हणजे प्रायमरीचं काम दुसऱ्या मशीनकडे गेलं, की कालची प्रायमरी आज रेप्लिका असते, आणि रंग जर मशीनच्या नावावरून ठरत असेल तर तो तेव्हापासून खोटं सांगायला लागतो.

यंत्राच्या हाती काय द्यायचं

आता हाच क्लस्टर ऑटोमेट करायचा तर? बहुतेक जण अन्सिबल या मशीन मांडण्याच्या साधनापासून सुरुवात करतात: पॅकेज टाका, कॉन्फिग लिहा, पहिल्या मशीनवर इनिटडीबी (कोरा डेटाबेस बनवणारी कमांड), बाकीच्यांवर बेसबॅकअप. हे पहिल्या दिवशी उत्तम चालतं. यातली धोक्याची ओळ साधारण अशी असते: डेटा डिरेक्टरी रिकामी असेल तर नवा डेटाबेस बनव. सहा महिन्यांनी प्रायमरी रीबूट होते, डेटाची डिस्क माउंट होत नाही, त्या जागी रिकामी डिरेक्टरी दिसते, आणि प्लेबुक, म्हणजे अन्सिबलची स्क्रिप्ट, इमानेइतबारे कोरा डेटाबेस बनवून सुरू करतं. ॲप्लिकेशन त्याला जोडलं जातं. डेटा गेलेला नसतो, पण हे कळेपर्यंत कोऱ्या डेटाबेसमध्ये नव्या नोंदी पडायला लागलेल्या असतात.

स्क्रिप्टला त्या मशीनपुरतंच दिसतं. प्रायमरी कोण, हा क्लस्टर आधीपासून अस्तित्वात आहे की नाही, ही माहिती एका मशीनवर नसतेच. ती सगळ्यांच्या वर, सगळ्यांना सारखीच दिसेल अशा जागी हवी. पोस्टग्रेसचा क्लस्टर सांभाळणारं पॅट्रोनी हे साधन उपयोगी पडतं ते इथे. जर्मनीतल्या झालांडो कंपनीने ते कंपोझच्या गव्हर्नर या प्रकल्पावरून पुढे नेलं. स्वतः ते काही साठवत नाही. एटसीडी, कॉन्सल, झूकीपर किंवा कुबरनेटीस या सगळ्या मशीनना दिसणाऱ्या सामायिक साठ्यांपैकी एकात ते क्लस्टरची स्थिती ठेवतं.

तीन मशीन एकदम चालू केली तर काय होतं ते पाहा. तिघंही एटसीडीत 'इनिशियलाइझ' नावाची की, म्हणजे नावाने ठेवलेली नोंद, लिहायला धावतात. एटसीडी ती एकालाच लिहू देतं. ज्याची लागली तो इनिटडीबी चालवतो आणि त्या डेटाबेसची ओळख त्या कीमध्ये नोंदवतो. बाकीचे दोघे लीडर (म्हणजे प्रायमरी) उभा राहायची वाट पाहतात आणि त्याच्याकडून बेसबॅकअपने प्रत घेतात. कोणत्या मशीनला पहिलं म्हणायचं हे अन्सिबलच्या इन्व्हेंटरी फाइलमध्ये, म्हणजे मशीनच्या यादीत, लिहावं लागत नाही. पुढे कधी एखाद्याची डिस्क माउंट झाली नाही, तर त्याला रिकामी डिरेक्टरी दिसते, पण एटसीडीत की आधीच भरलेली असते; म्हणून तो कोरा डेटाबेस बनवत नाही. तो स्वतः लीडर असेल तर आपणहून लीडरपद सोडतो.

लीडरपद म्हणजे मुदतीची की. डिफॉल्टनुसार मुदत ३० सेकंदांची, आणि लीडर दर १० सेकंदांच्या फेरीत ती वाढवून घेतो. वाढवता आली नाही तर तो स्वतःहून पोस्टग्रेसला लिहिण्यापासून थांबवतो. की सुटली की बाकीचे, फार मागे पडलेले नसतील तर, ती मिळवायला धावतात. समोरचा एचएप्रॉक्सी, म्हणजे ट्रॅफिक वाटणारा प्रोग्रॅम, प्रत्येक नोडच्या (मशीनच्या) ८००८ पोर्टवर 'तू प्रायमरी आहेस का?' असं विचारत राहतो. ज्याच्याकडून २०० (हो) येतं त्याच्याकडे लिहिणारी ट्रॅफिक जाते, ५०३ (नाही) देणाऱ्याकडे जात नाही.

गिटलॅबच्या रात्रीतल्या त्या दोन सेटिंगचाही इथे संबंध येतो. मॅक्स कनेक्शन्स आणि मॅक्स वॉल सेंडर्स पॅट्रोनीत प्रत्येक मशीनच्या फाइलमधून बदलता येत नाहीत. सगळ्या क्लस्टरसाठी एकच आकडा वरच्या साठ्यात राहतो. यामागे कारण आहे: रेप्लिकेवरचे हे आकडे प्रायमरीपेक्षा कमी असले तर पोस्टग्रेस तिला चालूच देत नाही. बदल केला की नोडच्या यादीत 'रीस्टार्ट बाकी' अशी खूण दिसते. म्हणजे ८००० सारखा आकडा असेल तर तो निदान एका ठिकाणी, सगळ्यांच्या डोळ्यांसमोर असतो.

आता मुख्य मुद्दा. रेप्लिका बिघडली तर पॅट्रोनीत तिच्यासाठी 'रीइनिट' ही कमांड आहे. ती काय करते? डेटा डिरेक्टरी उडवते आणि लीडरकडून ताजी प्रत ओढते. गिटलॅबमध्ये हाताने चाललं होतं, अगदी तेच. विध्वंसक पायरी कुठेही गेलेली नाही. पण हीच कमांड चुकून लीडरच्या नावाने दिली, तर उत्तर येतं की मी लीडर आहे, रीइनिट करता येत नाही. क्लस्टरला लीडरच नसेल तरीही ती नकार देते, कारण प्रत ओढायची कोणाकडून? मशीनच्या नावात १ आहे की २, याला काहीच महत्त्व उरत नाही. उडवायचं की नाही हे की कोणाकडे आहे यावरून ठरतं, आणि तेही कमांड पोहोचल्यानंतर.

ऑटोमेशनने वेळ वाचतो, रेप्लिका दहा मिनिटांत उभी राहते, अशी जाहिरात नेहमी होते. त्यात तथ्य असलं तरी मला ते दुय्यम वाटतं. एखाद्या टीमने पॅट्रोनी न वापरता स्वतःची स्क्रिप्ट लिहिली तरी हरकत नाही, फक्त तिच्यातल्या प्रत्येक पुसणाऱ्या ओळीआधी 'मी आत्ता प्रायमरी आहे का?' हा प्रश्न त्या मशीनबाहेरच्या कोणाला तरी विचारला गेला पाहिजे. गिटलॅबच्या स्वतःच्या इन्स्टॉल पॅकेजमध्येही पुढे पॅट्रोनी आलं. त्याच कामासाठी आधी असलेलं रेपएमजीआर हे साधन २०२१ च्या १४.० आवृत्तीत काढून टाकण्यात आलं.

रिकाम्या बकेटवरही उभारणीच्याच बाजूने एक उपाय आहे. रेप्लिका कशी बनवायची याची पद्धत पॅट्रोनीत निवडता येते. बेसबॅकअपऐवजी पीजीबॅकरेस्ट या बॅकअपच्या साधनाने, म्हणजे बॅकअपच्या साठ्यातून, रेप्लिका भरा आणि पुढची वॉलची पानं अर्काइव्हमधून घ्या. मोठ्या डेटाबेसमध्ये प्रायमरीवरचा भार वाचतो, म्हणून लोक हे करतात. पण त्याचा खरा फायदा असा, की दर नव्या रेप्लिकेबरोबर बॅकअप परत लावून पाहिला जातो. तो नसेल, अपुरा असेल, तर रेप्लिका उभीच राहत नाही आणि ते त्याच दिवशी कळतं. फक्त यादीत त्यामागे बेसबॅकअप हा दुसरा पर्याय लिहून ठेवू नका. लिहिलात तर पहिला फसल्यावर पॅट्रोनी गुपचूप दुसऱ्यावर जातं आणि बकेट रिकामी असल्याचं कोणालाच कळत नाही.

नवं ओझं

यात विकतचं दुखणंही आहे. एटसीडी तीन नोडचं लागतं, म्हणजे एक गेला तरी दोघांचं बहुमत राहतं. पुष्कळ ठिकाणी पैसे वाचवायला ते डेटाबेसच्याच मशीनवर, त्याच डिस्कवर बसवतात. एटसीडी प्रत्येक नोंद डिस्कवर पक्की लिहून मगच हो म्हणतं. डेटाबेसने डिस्क व्यापली की त्याचं लिहिणं रेंगाळतं, लीडरची की वेळेत वाढत नाही, आणि ठणठणीत चाललेलं पोस्टग्रेस पॅट्रोनी स्वतः थांबवतं. एटसीडी पूर्णच बंद पडलं तरी सगळे नोड एकमेकांना दिसत असतील तर लीडरला चालू राहू द्यावं, असा पर्याय २०२३ मध्ये ३.० आवृत्तीत आला. तो मुद्दाम चालू करावा लागतो.

आणि क्लस्टरने 'प्रायमरी कोण' याचं नियमाप्रमाणे बरोबर उत्तर देऊनही गाडी अडू शकते. २१ ऑक्टोबर २०१८ रोजी गिटहब या गिटलॅबसारख्याच साइटवर तसं झालं. नेटवर्कचं बिघडत चाललेलं ऑप्टिकल उपकरण बदलताना अमेरिकेच्या पूर्व किनाऱ्यावरचं त्यांचं मुख्य डेटा सेंटर ४३ सेकंद तुटलं. त्यांच्या मायएसक्यूएल क्लस्टरवर ऑर्केस्ट्रेटर हे प्रायमरी कोण ते ठरवणारं साधन होतं, राफ्ट या पद्धतीने नोडच्या बहुमतावर चालणारं. बहुमत पश्चिम किनारा आणि पूर्वेच्या क्लाउडमधल्या नोडनी जमवलं आणि प्रायमरी पश्चिमेला हलवली, जसं कॉन्फिग होतं तसंच. पण पूर्वेकडे काही लेखन झालं होतं, ते पश्चिमेला पोहोचलेलं नव्हतं. आता पश्चिमेला नवं लेखन सुरू झालं. दोन्हीकडे एकमेकांत नसलेल्या नोंदी, म्हणून झटकन परत फिरताही येईना. शिवाय ॲप्लिकेशन पूर्वेला आणि डेटाबेस देशाच्या दुसऱ्या टोकाला, त्यामुळे प्रत्येक क्वेरीला तो फेरा. सेवा पूर्ववत व्हायला २४ तास ११ मिनिटं लागली.

गिटहबने नंतर ऑर्केस्ट्रेटरला प्रादेशिक सीमा ओलांडून प्रायमरी बनवण्याची बंदी घातली. पॅट्रोनीत हेच करायचं तर दूरच्या नोडवर 'नोफेलओव्हर' हा टॅग लावता येतो. तो नोड रेप्लिका म्हणून राहतो, पण लीडरच्या शर्यतीत उतरत नाही. दुसरा मार्ग, दूरच्या ठिकाणी स्वतंत्र स्टँडबाय क्लस्टर ठेवायचा आणि गरज पडली तर माणसाने ठरवून तो उठवायचा. मुंबई आणि हैदराबाद असे दोन रीजन घेऊन क्लस्टर मांडणाऱ्यांना हा निर्णय पहिल्याच दिवशी घ्यावा लागतो. तो डेटाबेसच्या टीमने एकटीने घेऊ नये. प्रायमरी हैदराबादला आणि आपण मुंबईत, अशा स्थितीत आपली स्क्रीन किती वेळात उघडेल, हे ॲप्लिकेशन लिहिणाऱ्यांनी आधी मोजून सांगावं. टॅगची ती ओळ कॉन्फिगमध्ये घालायची की नाही, हे मग ठरवता येतं.